गोव्यातल्या गाडीला कोणता जीपीएस घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: गाडी २०१३ सालची हॅचबॅक, आत कंपनीचा साधा एफएम-यूएसबी स्टीरिओ. रोज डिचोली ते वेर्णा जाणं-येणं, महिन्यातून एक-दोनदा चोर्ला घाटातून बेळगाव. दुकानदार नऊ इंची अँड्रॉइड स्टीरिओ घ्या म्हणतो. दुबईहून परतलेला मावसभाऊ आपला वापरलेला गार्मिन (काचेला लावायचा जीपीएस) स्वस्तात द्यायला तयार आहे. बऱ्यापैकी मोबाईल हाताशी आहेच. पंधरा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे, तर काय घ्यावं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. सध्या नवं यंत्र घेऊ नका. मोबाईलला घट्ट बसणारा होल्डर, फोनला पुरेल एवढा करंट देणारा चार्जर आणि फोनमध्ये उतरवून ठेवलेले नकाशे, एवढ्यावर महिनाभर चालवून बघा. दीड-दोन हजारांत भागतं. त्यानंतरही स्क्रीन लहान वाटली, तर फोनच मोठ्या पडद्यावर दाखवणारा, म्हणजे अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले असलेला स्टीरिओ बघा. स्वतःचं सिम आणि स्वतःचे नकाशे चालवणाऱ्या स्वस्त अँड्रॉइड स्टीरिओचा नंबर त्यानंतर. दुबईचा गार्मिन फुकट मिळाला तरी खाली दिलेल्या तपासण्या केल्याशिवाय काचेला लावू नका.

दुकानात ‘जीपीएस’ हा एकच शब्द तीन वेगळ्या वस्तूंना वापरतात, तिथेच अर्धा घोळ होतो. पहिली वस्तू ट्रॅकर: स्क्रीन नसलेली छोटी पेटी, गाडी कुठे आहे ते मालकाच्या फोनवर कळवणारी. टॅक्सी आणि बसगाड्यांत पॅनिक बटणासह बसवतात ते एआयएस-१४० प्रमाणाचं यंत्र याच जातीचं. ते चालकाला रस्ता दाखवत नाही. दुसरी वस्तू काचेला चिकटवायचा स्वतंत्र नेव्हिगेटर, गार्मिन किंवा टॉमटॉमसारखा. तिसरी, स्टीरिओच्या आत असलेला जीपीएस. ‘जीपीएस बसवून द्या’ एवढंच सांगितलंत तर ट्रॅकर बसवून मिळाल्याचेही प्रकार होतात, म्हणून ‘रस्ता दाखवणारा’ असं स्पष्ट सांगा.

उपग्रह मात्र सगळ्यांना तेच. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारा संदेश तीन हजारांच्या यंत्राला आणि तीस हजारांच्या यंत्राला सारखाच मिळतो, आणि मोकळ्या आकाशाखाली दोन्हींची चूक तीन ते पाच मीटरच्या आसपास राहते. फरक पडतो तो अँटेना कुठे बसवली आहे, यंत्र सुरू झाल्यावर पहिली जागा किती लवकर पकडतं, आणि नकाशा किती ताजा आहे, यावर. जाहिरातीत ‘नाविक सपोर्ट’ (नाविक म्हणजे भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा) दिसला तर वाईट नाही, पण नाविकचे आधीचे उपग्रह एल-५ आणि एस या रेडिओ-लहरींच्या पट्ट्यांतच बोलतात. फक्त एल-१ (जीपीएसचा नेहमीचा पट्टा) ऐकणाऱ्या चिपला त्यांचा उपयोग नाही. एल-१ वर बोलणारा एनव्हीएस-०१ उपग्रह २०२३ साली अवकाशात गेला. म्हणून फोन घेताना ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’, म्हणजे एल-१ आणि एल-५ दोन्ही, एवढं विचारा. घाटात एका बाजूला कातळ असतो, तिथे त्यावर आपटून आलेला संदेश आणि सरळ आलेला संदेश यंत्राला वेगळे करावे लागतात. ते काम एल-५ मुळे सोपं होतं.

पाच मीटरची चूक म्हणजे काय ते मांडवीवर कळतं. तिथे दोन जुने पूल आणि त्यांच्या मधोमध, खूप उंचावर, २०१९ साली खुला झालेला अटल सेतू. वरून नकाशात पाहिलं तर तिन्ही एकमेकांना खेटून. यंत्राला अक्षांश-रेखांश बरा कळतो, उंची मात्र त्याहून दीड-दोनपट चुकते. त्यामुळे तुम्ही वरच्या पुलावर आहात की खालच्या, हे ते उंचीवरून ठरवत नाही, मागच्या अर्ध्या किलोमीटरच्या वाटचालीवरून अंदाज बांधतं. पर्वरीकडून येताना चढाच्या तोंडाशी चुकून एक लेन इकडे-तिकडे झालात, तर तुम्ही वरून मेर्शीच्या बाजूला निघालेले असता आणि यंत्रातली बाई सांगत असते, ‘पुढे पणजी बसस्थानकाकडे वळा.’ वळायला तिथे कठड्याशिवाय काही नाही. कोणतंही महागडं यंत्र घेतलं तरी हा घोळ पूर्ण जात नाही. पुलाच्या तोंडाशी पाटीवर नजर ठेवायची. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे वळणं बदलत राहिली आहेत, तिथेही हाच नियम.

याच पुलाशी जोडलेली आणखी एक गोष्ट. गूगल मॅप्समध्ये दुचाकीसाठी वेगळा मोड आहे. घरात स्कूटर आणि गाडी दोन्ही असतील आणि फोन एकच, तर मोड चुकीचा राहतो. अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे दुचाकी मोडमध्ये गाडीला उगाच खालच्या पुलावरून काढतात, आणि गावात आल्यावर दोन गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) अशा वाटेत घालतात की समोरून रिक्षा आली तर एकाला मागे जावं लागतं. ‘गूगलने गल्लीत अडकवलं’ अशा तक्रारी ऐकल्या की आधी हा मोड तपासायला सांगावा.

दुसरी सेटिंग फेरीबोटीची. रायबंदरहून चोडण किंवा जुन्या गोव्याहून दिवाडी ही अंतरं नकाशावर इवलीशी दिसतात, म्हणून यंत्र खुशाल बोटीने पाठवतं. बोट पलीकडच्या काठावर असेल, ओहोटी असेल किंवा सकाळची रांग असेल तर ते त्याला कळत नाही. घाईच्या दिवशी ‘फेरी टाळा’ हा पर्याय सुरू ठेवा. पण दिवाडीलाच जायचं असेल तर तो बंद करायला विसरू नका. बेटाला पूल नाही आणि यंत्र तुम्हाला ‘मार्ग सापडला नाही’ म्हणेल.

नावांचा प्रश्न गोव्यात जेवढा त्रास देतो तेवढा शेजारच्या सिंधुदुर्गातही देत नाही. नकाशातली रोमन नावं पोर्तुगीज वळणाची, आणि यंत्र ती इंग्रजीसारखी वाचतं. साखळीचं ‘सँक्वेलिम’, डिचोलीचं ‘बिचोलिम’, केप्याचं ‘क्वेपेम’, कुडतरीचं ‘कर्टोरिम’, चोडणचं ‘चोराव’. ऐकून शोधायला गेलात तर सापडत नाही, आणि बोलून शोधायला गेलात तर ‘साखळी’ म्हटल्यावर दागिन्यांची दुकानं समोर येतात. म्हणून विकत घेण्याआधी त्या यंत्रावर तीन गावं शोधून बघा: केपे, साखळी, आणि केरी. केरी मुद्दाम, कारण गोव्यात केरी एकच नाही. पेडण्यातली समुद्रकाठची, सत्तरीतली चोर्ला घाटाच्या पायथ्याची आणि फोंडा तालुक्यातली. चोर्ल्याकडे निघून यंत्राने पहिली निवडली, तर तुम्ही तेरेखोलच्या खाडीशी पोचाल. जे यंत्र गावाच्या नावासोबत तालुका दाखवत नाही ते गोव्यात वापरायला निरुपयोगी, मग त्याची स्क्रीन कितीही मोठी असो.

तसंच विमानतळाचं. जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानं सुटू लागली, दाबोळीही चालू आहे. एक उत्तर टोकाला, दुसरा वास्कोजवळ. जुन्या नकाशात फक्त दाबोळी असतो आणि ‘गोवा एअरपोर्ट’ म्हटलं की यंत्र तिकडेच नेतं. नकाशा ताजा आहे का हे दुकानातच तपासायचं असेल तर मोपा विमानतळ, त्याचा महामार्गाला जोडणारा रस्ता, आणि कुठ्ठाळीचा नवा झुआरी पूल (पहिली बाजू २०२२ च्या शेवटी, दुसरी वर्षभराने खुली झाली) शोधा. तीनपैकी एक जरी नसेल तर नकाशा जुना आहे, आणि दुकानदार ‘नंतर अपडेट करून देतो’ म्हणाला तर ते आत्ता, तुमच्यासमोर करून घ्या.

आता नेटवर्क. साखळीवरून पर्ये, केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी करत बेळगाव गाठेपर्यंत मध्ये लांब टप्पे असे आहेत की फोनला रेंज नसते. मोले ते अनमोड तेच. उपग्रहाला मोबाईलची रेंज लागत नाही, हे नीट लक्षात ठेवा. निळा ठिपका चालत राहतो, नकाशाचे तुकडे येणं थांबतं. एकदा आखलेला मार्ग फोनमध्ये असतो म्हणून सरळ गेलात तर काही कळतही नाही. वळण चुकलं की मात्र नवा मार्ग आखायला त्याला नकाशा लागतो. म्हणून गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून ‘ऑफलाइन मॅप्स’मध्ये जा, स्वतःचा चौकोन निवडा, आणि तो फक्त गोव्यापुरता न ठेवता वर सावंतवाडी, पूर्वेला बेळगाव-खानापूर आणि खाली कारवार येईल इतका ओढा. वायफायवर उतरवा. हे नकाशे ठरावीक मुदतीनंतर शिळे होतात. फोन वायफायला असताना ते आपोआप ताजे होण्याची सेटिंग असते, ती चालू ठेवा. ऑफलाइन असताना रहदारीची माहिती आणि पर्यायी रस्ते मिळत नाहीत, एवढी किंमत मोजावी लागते. सोबतीला ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडसारखं पूर्ण ऑफलाइन चालणारं अ‍ॅप ठेवलंत तर घाटात दोन मतं मिळतात. गावातल्या पायवाटा त्यात बऱ्याचदा जास्त असतात.

घाटात शिरल्यावर जीपीएस पहिल्यांदा सुरू करू नका. उपग्रह आपली नेमकी कक्षा सांगणारा संदेश दर तीस सेकंदांनी फिरून सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. फोनला डेटा असला तर तो हे इंटरनेटवरून क्षणात आणतो. म्हणूनच शहरात फोन चुटकीसरशी जागा दाखवतो. डेटा नसताना, वर दाट झाडी असताना, संदेशाचा एक तुकडा जरी हुकला तर यंत्र पुढच्या फेरीची वाट बघतं, मग पुन्हा हुकतं. साखळीतच मार्ग लावून घ्या. पावसाबद्दल एक गैरसमज आहे: पावसाच्या सरीने जीपीएसचा संदेश जवळजवळ अडत नाही, भिजलेली पानं मात्र तो खातात. जुलैत चोर्ल्यात ठिपका उड्या मारतो त्याला ढग जबाबदार नसतात.

होल्डर आणि वीज यांवर सर्वात कमी खर्च होतो आणि सर्वात जास्त बिघाड तिथेच होतो. जुन्या गाड्यांच्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपियर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. पूर्ण उजेडातली स्क्रीन, जीपीएस आणि डेटा मिळून फोन त्याहून जास्त खातो. मग ‘चार्जिंग’चं चिन्ह दिसतं आणि टक्के तरी उतरत जातात. लायटर सॉकेटमधला किमान १८ वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा चार्जर आणि जाड, मीटरभराची केबल घ्या. बिननावाचे चार्जर आणि स्वस्त डॅशकॅम (काचेवरचे रस्ता टिपणारे कॅमेरे) यांचा आणखी एक उपद्रव: त्यांच्यातून निघणारा विद्युत गोंगाट जीपीएसच्या पट्ट्यात शिरतो. डॅशकॅम लावल्यापासून जीपीएस बिनसला असेल तर डॅशकॅमची वायर काढून पाच मिनिटं चालवा. सुधारलं तर दोन्हींमध्ये हातभर अंतर ठेवा.

मार्च ते मे फोन काचेवर लावला तर तो तापतोच. आयफोनला कंपनीने ३५ अंशांपर्यंतच वापरायला सांगितलं आहे, आणि उन्हातल्या काचेमागे हा आकडा सकाळी नऊलाच ओलांडला जातो. फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी बंद पडतो. गोव्यासाठी एसीच्या जाळीवरचा होल्डर त्यामुळे सरस: फोनच्या पाठीला गार वारा लागतो. जाळीच्या पट्ट्या पातळ असतील तर हुकवाला होल्डर घ्या, नुसता चिमटा वजनाने पट्टी मोडतो. काचेचा सक्शन हवाच असेल तर किनारपट्टीवर काचेच्या आतल्या बाजूलाही खारट, चिकट थर बसतो. ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय तो आठवडाभरही टिकत नाही. फोन नजरेच्या रेषेखाली, एअरबॅगच्या झाकणापासून दूर. चार्जिंगच्या तोंडात मीठ आणि दमट हवेने हिरवट बुरा धरतो, तो दिसला की केबल टाकून द्या, फोनमध्ये खुपसत बसू नका.

कायद्याचं एका वाक्यात: ऑक्टोबर २०२० पासूनच्या केंद्रीय नियमानुसार चालकाला हातातला फोन फक्त रस्ता बघण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होईल अशा रीतीनेच वापरता येतो. होल्डर त्यासाठीही हवा.

आता तुमच्या दुकानदाराचा नऊ इंची स्टीरिओ. वस्तू वाईट नसते, बसवणूक वाईट असते. जीपीएसची अँटेना म्हणजे काडेपेटीएवढी काळी चौकोनी डबी आणि तिला तीनेक मीटर वायर. फिटर घाईत ती स्टीरिओच्या मागे, डॅशबोर्डच्या आडव्या लोखंडी पट्टीखाली कोंबतो. तिथून तिला आकाश दिसतच नाही. डबीची सपाट, चुंबक नसलेली बाजू वर, समोरच्या काचेखाली, डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकवर किंवा फार तर त्याच्या लगेच खाली, एवढीच योग्य जागा. प्लॅस्टिकमधून संदेश जातो, पत्र्यातून नाही. डबीखाली पाच-सात सेंटीमीटरची पत्र्याची चकती ठेवली तर पकड वाढते. उरलेल्या वायरचं वेटोळं पॉवरच्या वायरींपासून लांब बांधायला सांगा.

दुसरी चूक वायरिंगची. स्टीरिओला पिवळी वायर कायमच्या बॅटरीची, लाल वायर ‘एसीसी’ची, म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या लाइनची. काही फिटर दोन्ही एकत्र पिळून चावीच्या लाइनला जोडतात. मग चावी बंद की स्टीरिओ मेला, प्रत्येक वेळी शून्यातून सुरू, आणि उपग्रहांची साठवलेली माहिती पुसलेली. लोक म्हणतात जीपीएस स्लो आहे. उलट दोन्ही कायमच्या बॅटरीला जोडल्या तर स्टीरिओ झोपतच नाही. नीट झोपलेल्या स्टीरिओने दहा-वीस मिलिअँपियरपेक्षा जास्त ओढू नये. पन्नास ओढले तरी दिवसाला १.२ अँपियर-तास, पंधरा दिवसांत १८. तुमच्या गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची, म्हणजे अर्धी रिकामी. घरातला माणूस बोटीवर नोकरीला गेला आणि गाडी महिना-दोन महिने अंगणात उभी, अशी गोव्यात कितीतरी घरं आहेत. तिथे पहिल्याच ‘स्टार्ट’ला टकटक आवाज येतो. बसवून झाल्यावर मल्टीमीटरने झोपेतला करंट मोजून दाखवायला सांगा. वायर कापून जोडू न देता तुमच्या गाडीच्या मॉडेलचा कपलर (तयार जोडणीचा प्लग) वापरायला लावा.

‘४ जीबी, ६४ जीबी, अँड्रॉइड १३’ हे सेटिंग्जमधले आकडे स्वस्त स्टीरिओत बनावट लिहिलेले सापडतात. हार्डवेअर तपासणारं अ‍ॅप टाकून बघा. खरोखरच्या २ जीबीत नकाशा आणि गाणी एकत्र चालवली की नेमका चौकात नकाशा गोठतो.

मावसभावाचा गार्मिन. गल्फमधून येणाऱ्यांकडे आणि तारवट्यांकडे (बोटीवर नोकरी करणाऱ्यांकडे) अशी यंत्रं घराघरांत पडून असतात. पहिली तपासणी: त्यात भारताचा नकाशा आहे का? आखातात विकलेल्या यंत्रात सहसा तिथलाच असतो, आणि मग नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो. दुसरी: तारीख बरोबर दाखवतो का? जीपीएस आठवडे मोजतं, १०२४ झाले की मोजणी शून्यावर येते. हे ६ एप्रिल २०१९ ला झालं, आणि फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) न बदललेली काही जुनी यंत्रं तेव्हापासून वीस वर्षं मागची तारीख दाखवतात, काही तर जागाच पकडत नाहीत. तिसरी: पाठ फुगली आहे का? कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या यंत्राची लिथियम बॅटरी फुगलेली असेल तर ते उन्हातल्या काचेवर लावणं धोक्याचं. तिन्ही पास झालं तर घाटासाठी दुसरं यंत्र म्हणून उत्तम. त्याला डेटा लागत नाही आणि त्याची स्क्रीन उन्हात बऱ्याच स्टीरिओंपेक्षा स्पष्ट दिसते. फक्त ते गाडीचं यंत्र आहे की उपग्रहावरून संदेश पाठवणारं इनरीच जातीचं, हे बघून घ्या. दुसऱ्या जातीच्या यंत्राला भारतात परवानगी लागते, आणि २०२४ साली गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला त्यावरूनच ताब्यात घेतलं होतं.

शेवटी स्टीरिओच घेतलात तर पैसे चुकते करण्याआधी ही परीक्षा. गाडी चार-पाच तास बंद ठेवा, म्हणजे साठवलेली कक्षांची माहिती शिळी होते. स्टीरिओचं वायफाय आणि फोनचा हॉटस्पॉट बंद. गाडी मोकळ्या जागी उभी करून चालू करा, उपग्रह दाखवणारं मोफत अ‍ॅप उघडा आणि घड्याळ लावा. मिनिटभरात जागा मिळाली, आठ-दहा उपग्रह ‘वापरात’ दिसले आणि त्यातल्या चार-पाचांची ताकद (अ‍ॅपमधला डीबी-हर्ट्झचा आकडा) ३५ ते ४५ च्या दरम्यान असली तर बसवणूक ठीक आहे. तीन मिनिटं झाली तरी नुसतंच शोधत असेल किंवा सगळे आकडे २५ च्या आत असतील, तर फिटरला पुन्हा डॅशबोर्ड उघडायला लावा. डबी लोखंडाखालीच सापडेल.